ब्रिज कोर्स, तुकडी ब

एकवीस दिवस. सकाळी सात ते नऊ.
तासांचे पैसे मार्चअखेर मिळतील, असं ऑफिसात सांगतात;
कुठल्या सालचा मार्च, ते विचारायचं नसतं.

पहिल्या दिवशी फळ्यावर क्ष काढला
तर मागच्या बाकावर कुणीतरी सुस्कारा सोडला.
मग तो पुसून एक्स लिहिला.
माणूस तोच आहे म्हटलं, फक्त शहरात राहायला आलाय.
मेढ्याचा पोरगा हसला. परळीच्या जुळ्या हसल्या नाहीत.
दहावीला त्यांनी कर्ण पाठ केला होता,
लगतची बाजू, समोरची बाजू.
आता हायपोटेन्यूज म्हणताना
उष्टं ताट उचलावं तशा खाली बघतात.

चौथ्या दिवशी पक्षांतर.
बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की अधिकाचं उणे होतं.
का होतं, नसीम आतारने विचारलं.
वय पस्तीस, गोडोलीत ब्लाउज शिवते,
सतरा वर्षांनी वही उघडलेली,
गळ्यातली टेप काढायला विसरून तशीच वर्गात येते.
का होतं, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
मीही न्यायचो पलीकडे आणि चिन्ह बदलायचो,
उंबऱ्याशी चप्पल काढावी इतक्या सवयीने.
अर्धा तास गेला.
पलीकडे काहीच जात नाही, शेवटी म्हणालो,
दोन्हीकडून सारखंच काढून घ्यायचं;
इकडचं संपतं, तिकडे खड्डा दिसतो.
"मग असं सांगा की," ती म्हणाली
आणि वहीत रेघ ओढली,
कापडावर खडूने ओढतात तशी, एका दमात.

अवयव पाडताना जुळ्यांपैकी एक रडली.
कुठली, ते मला अजून सांगता येणार नाही.

सोळाव्या दिवशी प्रात्यक्षिक: अजिंक्यताऱ्याची उंची.
कोनमापक, शहाळ्याची नळी, दोऱ्याला बांधलेला नट,
ग्राउंडवर चुन्याच्या दोन खुणा, मध्ये शंभर मीटर.
किल्ला नव्हता.
जुलैचं धुकं पार पोवई नाक्यापर्यंत उतरलेलं.
"सर, कोन कुणाचा घ्यायचा?"
चहा झाला. साडेआठ झाले.
मेढ्याच्या पोराने धुक्याचाच कोन घेतला, पंचेचाळीस,
म्हणजे टॅन एक येतो, हिशेब सोपा पडतो.

मग वारा फिरला आणि तटाची कड दिसली,
चार मिनिटं, फार तर पाच.
नसीमने नळीला डोळा लावला.
दोरा हलायचा थांबेना, जुळीने नट चिमटीत धरला.
"तेवीस! थांबा, साडेतेवीस!"
मग शंभर मीटर मागे, सगळी तुकडी पळत,
कुणाची चप्पल चिखलात राहिली.
"एकोणीस!"
आणि पुन्हा पांढरं.

पायऱ्यांवर बसून गणित केलं.
एकशे पासष्ट पॉइंट पाच.
पुस्तकातल्या आकड्याशी जमेना.
पुस्तक समुद्रापासून मोजतं, म्हटलं,
आपण चुन्यापासून.
सगळ्यांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या.
नसीम पेन दातात धरून बघत राहिली.
"सर, शिलाईतलं धरलंच न्हाई की."
कसली शिलाई?
"कोन जमिनीवरनं कुठं घेतला? माझ्या डोळ्यातनं घेतला."
गळ्यातली टेप काढली,
एक टोक टाचेखाली दाबलं,
दुसरं जुळीने तिच्या डोळ्याशी नेलं.
चार फूट आठ. म्हणजे एक पॉइंट बेचाळीस.
"मिळवा."
मिळवलं. एकशे सहासष्ट पॉइंट ब्याण्णव.
हलत्या नटावरच्या कोनातून आलेले
ते दशांश कितपत खरे मानायचे, ते मी बोललो नाही.
उद्या बोलेन.

हजेरी घेतली. नऊ वाजून बारा मिनिटं.
बिलात दोन तासच लिहायचे असतात.
बारा मिनिटं शिलाईत.